प्रकल्प नोंदी: अठरा मजली इमारतीसाठी क्रेनची निवड

६ जानेवारी. माहिती गोळा केली

इमारत ४२ बाय २४ मीटर. खाली दोन तळघरे मिळून ७.५ मीटर, वर ४.५ मीटरचा पोडियम (मजल्यांखालचा चौथरा), त्यावर ३ मीटरचे १८ मजले. टाकी आणि लिफ्टची मशिनरूम धरून जमिनीपासून एकूण उंची ६५ मीटर. तळघर दक्षिणेकडे इमारतीच्या बाहेर आणखी ७.५ मीटर जाते. त्यापलीकडे १५ मीटर मोकळी जमीन. पूर्वेला ६ मीटरवर शेजारची २० मीटर उंचीची इमारत. पश्चिमेला २३ मीटरवर रस्त्याकडेची वीजवाहिनी.

क्रेनच्या कोटेशनमध्ये पहिला आकडा 'कमाल उचल ६ टन' असाच असतो. हा आकडा मास्टजवळचा, म्हणजे टॉवर क्रेनच्या उभ्या खांबाजवळचा आहे, निवडीसाठी त्याचा उपयोग नाही. कोणता भार, किती लांब, किती वेळा, आणि काम संपल्यावर क्रेन खाली कशी येणार, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर येईपर्यंत कुठल्याही मॉडेलवर चर्चा करायची नाही.

८ जानेवारी. भारांची यादी

प्रत्येक भारात बेल्ट, शॅकल, लिफ्टिंग बीम असे हुकखालचे सगळे वजन धरले.

प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेला) जिना: उतारावरची लांबी ३.२ मीटर, रुंदी १.२ मीटर, वेस्ट स्लॅब (पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब) १५० मिमी, म्हणजे ०.५७६ घनमीटर. दहा पायऱ्यांचे त्रिकोण ०.२५९ घनमीटर. एकूण ०.८३५. सळईसह काँक्रीट २५०० किलो प्रति घनमीटर धरून २.०९ टन, लिफ्टिंग बीमसह २.२५ टन. लांबचा जिना मास्टपासून साधारण २७ ते २८ मीटरवर येईल.

सळई: बंडल २ टनांचे. वजन चलनावरून घेऊ नये, व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र वापरावे. २० मिमीची १२ मीटर सळई २९.६ किलो भरते, म्हणजे २ टनांत ६७ सळया. यार्डात बंडल बांधणाऱ्याच्या हातात हा आकडा लिहून द्यायचा. नाहीतर 'एवढे जाते' म्हणत बंडल ३ टनांवर जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

भिंतीचे शटरिंग पॅनेल: ३.६ बाय २.९ मीटर, ६० किलो प्रति चौरस मीटर, ६२६ किलो. वजन किरकोळ, पण वाऱ्यात हाच सर्वांत अवघड भार. त्याची नोंद पुढे येईल.

काँक्रीटची १ घनमीटर बकेट: काँक्रीट २.४ टन, रिकामी बकेट ०.३, शॅकल वगैरे ०.०५, एकूण २.७५ टन.

पोडियमवर बसणारा जनरेटर यादीतून काढला. तो आयुष्यात एकदाच उचलायचा आहे, मोबाईल क्रेन एक दिवस आणून बसवता येतो. एका दिवसाच्या भारासाठी दीड वर्ष मोठी टॉवर क्रेन उभी ठेवणे बरोबर नाही.

बेल्टच्या कोनाचा तक्ता यार्डात लावायला दिला. दोन पायांच्या स्लिंगमध्ये पाय आडव्या रेषेशी ६० अंशांत असेल तर प्रत्येक पायावर भाराच्या ०.५८ पट ताण, ४५ अंशांत ०.७१ पट, ३० अंशांत पुरा भार. ४५ अंशांखाली उचलायचे नाही.

११ जानेवारी. जागेचे पर्याय

लिफ्टच्या डक्टमध्ये, मजल्यांबरोबर वर चढणारी क्रेन: मास्ट कमी लागतो, सगळे कोपरे जवळ पडतात. पण काम संपल्यावर क्रेन गच्चीवर अडकते. तिचे तुकडे उतरवायला गच्चीवर दुसरी छोटी डेरिक (साधी क्रेन) उभारायची, मग ती डेरिक हाताने खोलून खाली आणायची. या उंचीच्या इमारतीला याची गरज नाही. पर्याय रद्द.

पश्चिमेची आखूड बाजू: मास्ट भिंतीपासून ४.५ मीटरवर धरला तर लांबचा कोपरा ४८ मीटरवर जातो, जिब (क्रेनचा आडवा हात) ५० मीटरची लागते. टोकाची उचल घटते, गेटचा रस्ता अडतो. आणि वीजवाहिनी मास्टपासून फक्त १८.५ मीटरवर राहते. उंचावर असताना जिब वाहिनीच्या वरून जाईल, पण उतरवताना खाली आल्यावर ती जराही फिरली तर थेट वाहिनीत. रद्द.

दक्षिणेची लांब बाजू, बरोबर मध्यावर: लांबचा कोपरा ३५.४ मीटर, ४० मीटरची जिब पुरते. जिबचे पोलाद हुकच्या शेवटच्या जागेपुढे आणखी दीड मीटर असते, ते नकाशावर काढायला लोक विसरतात. मास्ट ते वाहिनी ४४ मीटर, जिबचे टोक ४१.५, उरतात २.५ मीटर. या वाहिनीसाठी वीज पुरवठादाराने लेखी दिलेले अंतर ६ मीटर आहे. चालणार नाही.

म्हणून मास्ट ५ मीटर पूर्वेला सरकवला. आता पश्चिम टोकापासून २६ मीटर, पूर्व टोकापासून १६ मीटर. वाहिनीपासून ७.५ मीटर मोकळे. लांबचा वायव्य कोपरा ३८.६ मीटरवर गेला, हुक ४० मीटरपर्यंत जातो, हाताशी १.४ मीटर राहतात. बाहेरच्या शटरिंगला तेवढे पुरतात.

भिंतीपासूनचे ४.५ मीटर का, तेही नोंदवून ठेवतो. बाल्कनी १.५ मीटर बाहेर येते, क्लायंबिंग केजचा (मास्टमध्ये तुकडे घालून क्रेन वर चढवणाऱ्या सांगाड्याचा) प्लॅटफॉर्म मास्टच्या मध्यापासून २.२ मीटर. मधे ०.८ मीटर उरतात. मास्ट आणखी जवळ आणला तर केज बाल्कनीला घासेल, लांब नेला तर टायचे (मास्ट इमारतीला बांधणारे) दांडे लांबतात.

१२ जानेवारी. उतरवण्याची दिशा

आजची नोंद सर्वांत महत्त्वाची. क्लायंबिंग केज एका बाजूने उघडा असतो. मास्टचा तुकडा त्या तोंडातून आत जातो किंवा बाहेर येतो, आणि त्या वेळी जिब त्याच दिशेला स्थिर असावी लागते. हे तोंड कुठे असणार ते पायात अँकर बसवतानाच ठरते, पुढे बदलता येत नाही.

आलेल्या ड्रॉइंगमध्ये तोंड उत्तरेला, इमारतीकडे होते. चढताना यात काहीच अडचण दिसत नाही, कारण जिब नेहमी स्लॅबच्या वर असते. पण शेवटी क्रेन खाली घ्यायची तेव्हा जिब ६५ मीटर उंच इमारतीवर आडवी पडलेली असेल, आणि मास्टचा एक तुकडाही काढता येणार नाही. तोंड पूर्वेला केले तर जिब शेजारच्या इमारतीवर उतरते. म्हणून तोंड पश्चिमेला, भिंतीला समांतर. जिब पश्चिमेला, १३ मीटरची काउंटर जिब (तोल राखणारी वजने असलेला मागचा हात) पूर्वेला, ती आपल्याच इमारतीच्या १६ मीटरांत मावते.

समांतर उतरताना फट किती? मध्यरेषा ४.५, त्यातून बाल्कनी १.५ वजा, काउंटर जिबची अर्धी रुंदी १ वजा, उरतात २ मीटर. बाहेरची १.२ मीटरची परांची त्या वेळी उभी असेल तर ०.८ मीटर. त्यामुळे दक्षिण बाजूची परांची क्रेन उतरल्यावरच बांधायची. ही टीप प्लास्टर आणि रंगकामाच्या वेळापत्रकात घातली.

१५ जानेवारी. दोन क्रेनची तुलना

दोन्ही सपाट माथ्याच्या, दोन्हीला ४० मीटर जिब. लफिंग क्रेन (जिब वर-खाली करता येणारी) विचारात घेतली आणि सोडली. शेजाऱ्याने जिब वरून जाऊ द्यायला लेखी संमती दिली आहे. ती नसती तरी लफिंगने प्रश्न पूर्ण सुटला नसता, कारण बंद ठेवतानाही तिची जिब ठरलेल्या कोनात ठेवून मोकळी फिरू द्यावी लागते आणि त्यालाही मोठे वर्तुळ लागते.

क्रेन अ: ४० मीटरवर १.८५ टन, २७.५ मीटरवर २.८५ टन. क्रेन ब: ४० मीटरवर २.९ टन, ३४ मीटरवर ३.५ टन. तक्त्यात हुक ब्लॉकचे वजन आधीच वजा केले आहे का, हे दोन्हींच्या पुस्तकात तपासले. इथे वजा आहे. मोबाईल क्रेनच्या तक्त्यात ते बहुधा वजा नसते, भारात मिळवावे लागते.

जिना दोन्हींना जमतो (अ वर ७९ टक्के). फरक बकेटमध्ये पडतो. अ टोकाला फक्त ०.५ घनमीटरची बकेट नेईल. ब तक्त्याप्रमाणे १ घनमीटरची नेऊ शकते, पण २.७५ म्हणजे २.९ च्या ९५ टक्के. बकेट काठोकाठ भरली की मर्यादा ओलांडली. त्यामुळे ब साठी ०.८ घनमीटर: काँक्रीट १.९२, बकेट आणि शॅकल मिळून ०.३३, एकूण २.२५ टन, ७८ टक्के.

आता हुकचा वेळ. एक फेरी: बांधणे २.५ मिनिटे, ४५ मीटर उचल मिनिटाला ४० मीटरने १.१, फिरवणे आणि ट्रॉली (जिबवर हुक आत-बाहेर नेणारी गाडी) १, उतरवून सोडणे २.५, परत येणे १.५. बेरीज ८.६, हिशेबाला ९ मिनिटे. एकूण वेळेतली ५ मिनिटे माणसांच्या हातात जातात, क्रेनच्या वेगात नाही. वेगवान क्रेन घेण्याऐवजी बेल्टचा दुसरा संच द्यावा, म्हणजे एक भार वर असताना खाली पुढचा बांधून तयार राहतो.

एका मजल्याच्या उचली: सळई १५, स्लॅबचे शटरिंग आणि प्रॉप ७०, भिंतीची पॅनेल ८०, जिने ४, किरकोळ ३०. कॉलम आणि भिंतीचे ६० घनमीटर काँक्रीट: अ ला १२० उचली, ब ला ७५. म्हणजे अ ३१९ उचली, ४८ तास. ब २७४ उचली, ४१ तास. मजल्याचे चक्र ९ दिवसांचे, रोज खरा हुकवेळ ६.५ तास, मिळून ५८.५ तास. अ ८२ टक्के भरते, ब ७० टक्के. ८० च्या पुढे गेले की वाऱ्याचा एक दिवस सगळे चक्र मोडतो.

स्लॅबचे २०० घनमीटर क्रेनने नेण्याचा प्रश्नच नाही. २५० बकेटी म्हणजे साडेसदतीस तास. स्लॅब पंपाने, विटा आणि ब्लॉक होइस्टने. हुक त्यांच्यासाठी अडकवायचा नाही.

निवड: क्रेन ब.

१९ जानेवारी. उंची आणि टाय

जुन्या आराखड्यात सहाव्या आणि तेराव्या स्लॅबवर दोन टाय होते. तपासल्यावर दोन चुका निघाल्या.

पहिली: टायशिवाय उभी राहण्याची ४० मीटर उंची पायापासून मोजतात, जमिनीपासून नाही. पाया तळघराच्या राफ्टच्या (तळाच्या सलग काँक्रीटच्या) पातळीवर असल्याने ७.५ मीटर तिथेच खर्च होतात. जमिनीपासून हुक ३२.५ मीटर. त्यातून भार, स्लिंग आणि हुकसाठी ६ आणि मोकळे अंतर २ वजा केले की काम २४.५ मीटरपर्यंत चालते, म्हणजे सहावा स्लॅब. सातवा नाही.

दुसरी: टाय ताज्या स्लॅबवर बसवता येत नाही. सहावा स्लॅब नुकताच भरलेला असेल तेव्हाच क्रेन वर न्यायची वेळ येते. म्हणून पहिला टाय पाचव्या स्लॅबवर, राफ्टपासून २७ मीटर. टायच्या वर ३० मीटर मोकळा मास्ट चालतो, हुक ५७ मीटरवर, त्या उंचीत बारावा स्लॅब होतो. तेराव्यावर टाय मारायचा तर तेरावा स्लॅबच झालेला नसणार. दुसरा टाय अकराव्यावर, ४५ मीटर. तिथून हुक ७५ मीटरपर्यंत जातो, अठरावा स्लॅब होतो, पण शेवटी ८०.५ मीटर लागतात. तिसरा टाय पंधराव्यावर, ५७ मीटर.

दोनाऐवजी तीन टाय. तिन्ही स्लॅबच्या कडेला येणारे बल स्ट्रक्चरल डिझायनरला पाठवले. तिथल्या जादा सळया स्लॅब भरण्याआधी हव्यात, नंतर ड्रिल करून बसवलेले बोल्ट हा पर्याय नको.

२३ जानेवारी. पाया

५.५ बाय ५.५ बाय १.४ मीटर, स्वतःचे वजन १०५९ किलोन्यूटन. उत्पादकाच्या तक्त्यातून वादळातली स्थिती: उभा भार ५००, आडवे बल ७५, मोमेंट (उलटवणारा जोर) १९०० किलोन्यूटन मीटर. पायाच्या तळाशी मोमेंट १९०० अधिक ७५ गुणिले १.४, म्हणजे २००५. भागिले १५५९, उत्केंद्रता (भार मध्यापासून सरकण्याचे अंतर) १.२९ मीटर. मर्यादा रुंदीच्या एक तृतीयांश, १.८३. ठीक. पण एक षष्ठांशाच्या वर असल्याने पायाचा एक काठ जमिनीवर दाब देत नाही. उरलेल्या भागावर कमाल दाब १२९ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, जमिनीची क्षमता १८०. जिब कर्णाच्या दिशेला असताना दाब याहून वाढतो, तो हिशेब डिझायनरने वेगळा करून सही दिली.

तळघराचे छत आणि पोडियममध्ये मास्टसाठी २.४ बाय २.४ मीटरचे गाळे सोडायचे, सळईचे कपलर (जोड) कडेने. नंतर गाळा बुजवताना गळती हमखास तिथूनच येते, म्हणून वॉटरस्टॉप (पाणी अडवणारी पट्टी) आत्ताच.

३० जानेवारी. अँकर लेव्हल

मास्टचे चारही पाय (अँकर) टेम्प्लेटमध्ये, म्हणजे मास्टचाच एक तुकडा वर बसवून, लेव्हल केले. काँक्रीट ओतण्याआधी चारही माथे १ मिमीच्या आत. अर्धे काँक्रीट झाल्यावर पुन्हा पाहिले, ईशान्येचा पाय २ मिमी वर. व्हायब्रेटरची नळी टेम्प्लेटला टेकली होती. लगेच काम थांबवून स्क्रू जॅकने खाली घेतला. पायांतले अंतर १.६ मीटर, २ मिमीचा फरक म्हणजे हजारात सव्वा, ४० मीटर उंचीवर ५० मिमी कल. ओले असताना हे पाच मिनिटांचे काम आहे, काँक्रीट घट्ट झाल्यावर पाया फोडावा लागतो. पायाखाली पत्र्याच्या चकत्या घालून भागवायचे नाही.

अर्थिंगची पट्टी पायातच टाकली.

२४ फेब्रुवारी. उभारणीची मोबाईल क्रेन

सर्वांत लांब उचल काउंटर जिबची: ४.६ टन, हुक ०.५, बेल्ट ०.२, एकूण ५.३ टन, २० मीटरवर. १०० टनी मोबाईल क्रेन घेतली. तिची २० मीटरवरची उचल १० टन, म्हणजे आपण ५३ टक्क्यांवर. १०० टन हा आकडा तीन मीटरच्या आसपासच्या रेडियसचा असतो. नाव ऐकून २५ टनी मशीन पुरेल असे वाटते ते इथेच फसते.

ती दक्षिणेच्या मोकळ्या जमिनीवर उभी राहील. खोदाई पाईलच्या भिंतीने धरलेली आहे, आणि भिंतीच्या डिझाइनमध्ये वरचा भार फक्त २० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. आउटरिगरवर (क्रेनच्या बाहेर पसरलेल्या टेकूवर) कमाल ४५ टन. २.४ मीटर चौरस मॅटखाली ७७ किलोन्यूटन येतो, जवळजवळ चौपट. डिझायनरने तपासून मॅटची कड भिंतीपासून किमान ३ मीटर ठेवायला सांगितले. चुन्याची रेघ मारली.

२ मार्च. उभारणी

क्रम: मास्ट, केज, स्लूइंग (फिरणारा) भाग, काउंटर जिब, एक काउंटरवेट, मग जिब, मग उरलेली काउंटरवेट. सगळी काउंटरवेट जिबच्या आधी टाकली तर मास्ट मागे ओढला जातो. काउंटरवेटची संख्या जिबच्या लांबीवर अवलंबून असते. ट्रेलरवर ५० मीटर जिबच्या हिशेबाचे एक वेट जास्त आले होते. ते बाजूला काढून रंगाने फुली मारली, चुकून वर जाऊ नये.

वारा दिवसभर मर्यादेत. या क्रेनची उभारणी आणि क्लायंबिंगची मर्यादा सेकंदाला १२ मीटर, कामाची २०.

५ मार्च. चाचणी

४० मीटरवर २.९ टन उचलले, अडचण नाही. ३.१५ टन जमिनीपासून २०० मिमी उचलताच मोमेंट लिमिटरने काम थांबवले. ११० टक्के म्हणजे ३.१९, त्याच्या आत.

३.५ टन घेऊन ट्रॉली हळू बाहेर नेली. ती ३४ मीटरवर थांबायला हवी होती, ३५.६ वर थांबली. भाराखाली मास्ट झुकतो, जिब वाकते, रेडियस वाढतो. तो टेपने जमिनीवर मोजावा, केबिनच्या आकड्यावर विसंबू नये. लिमिटर पुन्हा लावला, आता ३४.३.

हुकची वरची-खालची, ट्रॉलीची आत-बाहेरची, फिरण्याची मर्यादा तपासली. शेजारच्या इमारतीवर आणि रस्त्यावर भार जाऊ नये म्हणून झोन लावले.

६ मार्च. वाऱ्याचे नियम केबिनमध्ये लावले

शटरिंग पॅनेलचे क्षेत्रफळ १०.४ चौरस मीटर. वारा सेकंदाला १० मीटर असताना त्यावर आडवे बल साधारण ७८ किलो, २० मीटर असताना ३१३ किलो. वेग दुप्पट, बल चौपट. ६२६ किलोचे पॅनेल २० च्या वाऱ्यात साधारण २७ अंश तिरके उभे राहील, आणि ते धरायला स्लॅबच्या काठावर माणूस असतो. क्रेनची मर्यादा २० आहे म्हणून पॅनेल उचलू नये. पॅनेलसाठी मर्यादा १०, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. दोन टॅगलाइन (भार आवरायचे दोर) लागतीलच.

शिफ्ट संपली की हुक वर, ट्रॉली पुस्तकातल्या जागेवर, स्लूइंग ब्रेक मोकळा. रात्री जिब वाऱ्याबरोबर फिरली पाहिजे. ब्रेक लावून ठेवलेली क्रेन वादळात आडवा मार खाते आणि पायाचा हिशेब मोडतो. याच कारणासाठी जिबवर पाटी, बॅनर, झेंडा काहीही लावायचे नाही.

क्रेनच्या तारेच्या दोरासाठी आठवड्याची वही. तुटलेल्या तारा व्यासाच्या ६ पट आणि ३० पट लांबीत मोजायच्या, आयएसओ ४३०९ प्रमाणे.

७ मार्च. बाकी कामे

पाचव्या स्लॅबच्या सळई ड्रॉइंगमध्ये टायचे जादा बार आलेले नाहीत, चौथा स्लॅब भरण्याआधी हवेत. क्रेन उतरवताना मोबाईल पुन्हा दक्षिणेच्याच जमिनीवर उभी राहणार. बागेच्या आराखड्यात तिथे झाडे आणि पाण्याची टाकी दाखवली आहे, ती क्रेन गेल्यावर घ्यायला सांगितले. पाईलच्या भिंतीपासूनची ३ मीटरची रेघ आता जमिनीवर पुसट होत चालली आहे. ती साइट प्लॅनवर लाल रंगात घातली.